लाईट गेली की पाणी कुठं जाणार? देवगडातल्या तीन टप्प्यांच्या खाऱ्या फिशटँकचं प्रकरण

देवगड तालुक्यात सड्यावरचं घर, आंब्याच्या बागेला लागून. जुनं चिऱ्याचं माजघर तसंच ठेवून पुढे स्लॅबचं नवं बांधकाम केलेलं, वर एक मजला. घरात आबा, त्यांचा मुलगा आणि सून, दोन नातवंडं. मुलगा-सून मुंबईतली नोकरी सोडून बागेचं काम बघायला परत आले, तेव्हाच सुनेच्या डोक्यात हा टँक होता. दोघांना मी दादा-वहिनी म्हणतो, तेच इथं चालवतो.

मागणी थोडक्यात अशी. भिंतीला लावून पायऱ्यांसारख्या तीन टाक्या. वरच्या टाकीतलं पाणी मधलीत पडणार, मधलीतलं खालच्या मोठ्या टाकीत, आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. सगळं खारं पाणी. दोन टप्प्यांमध्ये दोन-दोन फुटांचा छोटा धबधबा. जागा वरच्या मजल्यावरचा हॉल, कारण तिथून समुद्र दिसतो. तिन्ही टाक्या सारख्याच, ४ फुटी. वहिनींनी वहीत प्रमाणबद्ध चित्र काढलेलं होतं, काचवाल्याचा दरही आला होता. काच कापायला टाकण्याआधी आराखडा तपासून द्या, एवढंच काम माझ्याकडे होतं.

चित्रावर सगळे बोलत होते ते माशांबद्दल आणि दिव्यांबद्दल. आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, "लाईट गेली की ह्या वरचा पाणी खंय जातला?"

माझ्या मते या प्रकरणातला हाच कळीचा प्रश्न. एका टाकीचा टँक असेल तर लाईट गेल्यावर पाणी आहे तिथंच राहतं. टप्प्याटप्प्यांच्या टँकमध्ये ते खाली यायला लागतं, आणि जिथं थांबेल तिथं त्याला जागा नसेल तर ते लादीवर येतं. आबांनी आयुष्यभर भाताच्या कुणग्यांतलं पाणी राखलेलं. वरच्या कुणग्याचा बांध फुटला तर खालचे सगळे कुणगे भरतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून आम्ही चित्र बाजूला ठेवलं आणि खालून वर मोजत गेलो.

आधी वजन

समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं. शेवटी ठरलेल्या आराखड्यात तिन्ही टाक्या आणि तळातला सम्प (सगळं पाणी शेवटी जिथं येतं आणि जिथून पंप ते उचलतो ती टाकी) मिळून ८४० लिटर पाणी आहे, म्हणजे ८६० किलो. त्यावर काच, दगड आणि वाळू धरली की १,२०० किलोच्या आसपास जातं, स्टँड वेगळा. मोठी टाकी आणि तिच्या खालचा सम्प एवढाच भाग घेतला तरी चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या जवळपास भार येतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन आहे, म्हणजे सुमारे २०० किलो. दोन्ही आकड्यांची तुलनाच होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून भिंतीलगत, बीमवर वगैरे बसवता आलं असतं का, यावर वाद घालता येतो. पण तळमजल्याच्या हॉलमध्ये जिन्याच्या कडेला ४ मीटरची भिंत मोकळी होती, त्यामुळे मी तो वाद घातला नाही. वरून समुद्र दिसतो हे खरं. समुद्र बघायचा तर खिडकी आहेच.

तळमजल्यावरही एक गोष्ट बघावी लागली. नव्या भागाच्या जोत्यात चिऱ्याच्या कपऱ्यांची आणि मुरमाची भर होती. अशी भर एकदम दबत नाही, हळूहळू आणि एका बाजूनं दबते. लांब काचेच्या टाकीला सरळ वजनापेक्षा पिळा जास्त घातक. म्हणून लादी काढून तेवढ्या पट्ट्यात जाळी घालून १०० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर दिला आणि त्याला पाणी मारून नीट मुरू दिलं.

स्टँडसाठी काचवाल्यानं लोखंडी चौकट सुचवली होती. पावडर कोटिंग करा, काही होत नाही, म्हणाला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर खिडक्यांची ग्रिलं काय अवस्थेत असतात ते घराभोवती एक फेरी मारली तरी दिसतं, आणि इथं तर चौकटीवर रोज खारं पाणी ठिबकणार. मी चिऱ्याचे खांब आणि वर कडप्पा असा स्टँड सुचवला. गवंडी गावातला, चिरे शेजारच्या खाणीतले. जांभ्याला गंज येत नाही, आणि घराच्या बाकीच्या भिंतींशी त्याचा मेळही बसतो. कडप्प्यावर १२ मिलिमीटर फोमची शीट टाकून वर टाकी.

खालून वर मोजलेला आराखडा

सारख्या मापाच्या तीन टाक्या ही कल्पना पहिल्या बैठकीतच गेली. खालची १५० बाय ६० सेंटीमीटर, पाण्याची खोली ५०, म्हणजे ४५० लिटर. मधली १२० बाय ४५, खोली ३५, १८९ लिटर. वरची ९० बाय ४०, खोली फक्त २५, ९० लिटर. तिन्हींना पाण्याच्या वर ५ सेंटीमीटर मोकळी काच. खालच्या टाकीच्या पोटात सम्प, ११० बाय ४५ बाय ४५. चालू असताना त्यात २२ सेंटीमीटर पाणी राहतं.

आता लाईट घालवून बघू. पंप थांबला की प्रत्येक टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दातांपर्यंत उतरतं. वरच्या आणि मधल्या टाकीत ते सुमारे १ सेंटीमीटर उतरेल, म्हणजे ३.६ आणि ५.४ लिटर. खालच्या टाकीतून सगळा प्रवाह जातो, तिथं २ सेंटीमीटर धरले, १८ लिटर. शिवाय पंपाच्या चढत्या पाइपातून पाणी उलटं ओढलं जातं (पाइपाचा एक फाटा वरच्या टाकीत आणि एक थेट खालच्या टाकीत जातो, त्याचं कारण पुढे). पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाखाली सेंटीमीटरभर अंतरावर भोक ठेवलं तर तिथं हवा शिरून ही ओढ तुटते. तोवर वरून ३.६ आणि खालच्या टाकीतून ९ लिटर येऊन गेलेले असतात. ओव्हरफ्लोचे कप्पे आणि पाइप यांतले १५ धरा. एकूण ५५ लिटर.

सम्पात १ सेंटीमीटरला जवळजवळ ५ लिटर मावतात. काठापर्यंत २३ सेंटीमीटर मोकळे, म्हणजे ११४ लिटर. काठाखाली ५ सेंटीमीटर सोडून मोजलं तरी ८९. पाणी मावलं.

आता ते भोक नाही असं समजा आणि खालच्या टाकीतलं पाइपाचं तोंड १२ सेंटीमीटर बुडवलेलं आहे असं धरा. मग ९ लिटरांच्या जागी ९० येतात, बेरीज १३६ होते, आणि बावीसेक लिटर खारं पाणी हॉलभर पसरतं. पाच मिलिमीटरच्या भोकावर सगळं अवलंबून आहे. प्लंबरनं यावर लगेच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवला. विहिरीच्या पंपाला तो असतोच. पण खाऱ्या टाकीत त्या व्हॉल्व्हच्या झडपेवर चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे आणि शेवाळ बसतं, आणि झडप पूर्ण मिटत नाही. तो बसवायला हरकत नाही, पण हिशोबात धरायचा नाही. भोकात मात्र दर पंधरवड्याला काडी घालून बघायचं, कारण तेही बुजतं.

दुसरा धोका याच्या उलटा: लाईट आहे, पंप चालू आहे, आणि वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो एखाद्या गोगलगायीनं किंवा शेवाळाच्या गुंत्यानं बंद पडला. पंपाला ते कळत नाही, तो पाणी चढवतच राहतो. यावर सेन्सर आणि अलार्म विकत मिळतात. मला त्यापेक्षा साधा हिशोब आवडतो. सम्पातला पंपाचा कप्पा इतका लहान करायचा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी वरच्या टाकीच्या मोकळ्या ५ सेंटीमीटरात मावेल. वरच्या टाकीत तशी जागा १८ लिटर. पंपाचा कप्पा २० बाय ४५ चा ठेवला. तळचं ५ सेंटीमीटर पाणी पंपाला ओढता येत नाही, म्हणजे तो जास्तीत जास्त १५ लिटर वर नेऊन कोरडा होतो. पंप तापून बंद पडेल, हॉल कोरडा राहील.

यात एक मेख आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाष्पीभवनानं गेलेलं पाणी भरून काढायला आपोआप गोडं पाणी सोडणारी यंत्रणा याच कप्प्यात असते. कप्पा रिकामा होताना दिसला की ती इमानेइतबारे गोडं पाणी ओतत राहते, पंप तेही वर नेतो, आणि वरचा सगळा हिशोब फुकट जातो. म्हणून त्या यंत्रणेच्या मोटारीला टायमर लावला: एका वेळी २ मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही, नंतर तासभर थांबायचं. २ मिनिटांत जेमतेम २ लिटर येतात.

ही यंत्रणा काढूनही टाकता येत नाही. तिन्ही टाक्यांचं मिळून १.८ चौरस मीटर उघडं पाणी आहे. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत दिवसाला ८-१० लिटर उडतील असं धरलं. ती सगळी घट त्या लहानशा कप्प्यातच दिसते, दिवसाला ११ सेंटीमीटरपर्यंत. दोन दिवस कुणी बघितलं नाही की पंप कोरडा.

मग धबधबा. वहिनींना तो हवाच होता. एकूण पाण्याच्या साडेतीनपट पाणी तासाला फिरावं असा माझा ठोकताळा आहे, म्हणजे इथं तासाला ३,००० लिटर. ते सगळं ९० लिटरच्या वरच्या टाकीतून गेलं तर तिथं तासाला तेहतीस वेळा पाणी बदलेल. तिथं शेवाळ लावायचं होतं. तेवढ्या प्रवाहात शेवाळ टिकत नाही, ते थेट ओव्हरफ्लोच्या दातांवर जाऊन बसतं. म्हणून पंपाचा पाइप दुभागला. २,२०० लिटर थेट खालच्या टाकीत आणि ८०० वरच्या टाकीत, तिथून मधली, तिथून खालची. टप्प्यांवरून पडणारं पाणी डोळ्यांसाठी, टाकी जगवणारं पाणी वेगळ्या वाटेनं. टप्प्यांमधला फरकही दोन फुटांवरून १० सेंटीमीटरवर आणला आणि पाणी मोकळं पाडण्याऐवजी ॲक्रिलिकच्या उतरत्या पट्टीवरून सोडलं. दोन फुटांवरून पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचे तुषार टीव्हीवर, स्विचबोर्डांवर आणि पंख्याच्या बेअरिंगमध्ये जातात, आणि वर रात्रभर नळ उघडा राहिल्यासारखा आवाज. वहिनी हिरमुसल्या, पण पट्टीवरून सरकणारं पाणी दिव्याखाली छान दिसतं हे त्यांनीच पुढे कबूल केलं.

उंची घटल्यामुळे पंपाचंही काम हलकं झालं. पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढण आणि वाकणांतलं घर्षण मिळून २ मीटर धरले, तर ३,००० लिटर प्रत्यक्ष मिळायला ५,५००-६,००० लिखित क्षमतेचा पंप लागतो.

काचेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खालच्या टाकीला १२ मिलिमीटर आणि वरून कडेनं पट्ट्या, मधलीला १०, वरचीला ८. बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन. काच कोल्हापुरातून कापून फोंडा घाटानं आणली आणि टाक्या घरातच चिकटवल्या. दारातून तयार टाकी आत घेण्यापेक्षा ते सोपं पडलं.

दर्या दारात

आबांचा दुसरा प्रश्नही रोकडा होता. "दर्या दारात आसा, मग मीठ इकत कित्याक घेवचा?"

याचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. उघड्या समुद्राची क्षारता हजारी ३५ च्या आसपास असते आणि टाकीला तेवढीच हवी. ऑक्टोबरअखेर ते मे या काळात देवगडच्या उघड्या कातळाच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडापासून लांब, भरती चढत असताना घेतलेलं पाणी या आकड्याच्या जवळ असतं. खाडीतलं पाणी कधीच घ्यायचं नाही. ओहोटीला तिथं वरचं गोडं पाणी असतं आणि जेटीजवळ डिझेलचा तवंग. पावसाळ्यात तर नद्या-ओढ्यांनी किनाऱ्यालगतचं पाणी पातळ आणि गढूळ होतं. जूनमध्ये उधाण सुरू झालं की कातळावर जाणंही धोक्याचं. म्हणजे वर्षातले निदान चार महिने समुद्र दारात असून उपयोगाचा नाही.

चांगल्या महिन्यांतही पाणी आणलं आणि ओतलं असं होत नाही. त्यात प्लवक असतात, परजीवींची पिल्लं असतात. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा येतात. त्यामागे नोक्टिलुका नावाचा सूक्ष्मजीव असतो, आणि तसं पाणी बादलीत भरून टाकीत ओतायचा मोह आवरायचा. तो मेला की अमोनिया सुटतो. घेतलेलं पाणी जाड कापडातून गाळायचं, झाकलेल्या काळ्या ड्रममध्ये ठेवायचं, सोडियम हायपोक्लोराइटनं निर्जंतुक करायचं, जोरात हवा सोडायची, उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनं मारायचा आणि टेस्ट किटनं तो शून्य आहे हे बघूनच वापरायचं. मत्स्यबीज केंद्रांत अशीच पद्धत असते.

शिवाय ते वाहून आणायचं. पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे ८० लिटर, ३५ लिटरचे अडीच कॅन, किनाऱ्यावरून सड्यावर. कृत्रिम मिठाचं तेवढंच पाणी ३ किलो मिठात होतं. ठरलं ते असं: पहिली भरणी पूर्ण कृत्रिम मिठाची, साधारण ३० किलो मीठ. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्राचं पाणी, तेही बागेची गाडी खाली जाणारच असेल त्या दिवशी. मे ते ऑक्टोबर पुन्हा मीठ. आबांना हे पटलं, कारण यात पैसे वाचतात ते नेमके कधी वाचतात हे कळत होतं.

भर घालायचं गोडं पाणी मात्र विहिरीचं थेट नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, पण त्यात लोह असतं. रोज उडून जातं ते शुद्ध पाणी, आणि आपण घालतो त्यातलं जे काही असेल ते मागे साठत जातं. त्यासाठी आरओ आणि पुढे डीआयची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारी, नळी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी यासाठी पुरेसं नाही, डीआयचा टप्पा लागतोच.

पंखा, पुणे आणि देवगड

दादांच्या पुण्यातल्या मित्राकडे खारा टँक आहे आणि तो चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय), नुसत्या टेबलफॅनवर चालतो. मग इथं चिलर कशाला, हा खर्चाचा रास्त प्रश्न.

पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनानं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त थंड होतं, आणि त्याला एक तळ असतो: ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवेल त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा तळ २१-२२ अंशांवर असतो. देवगडात मे महिन्यात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २७ च्या वर. प्रत्यक्षात पंखा तळापर्यंत कधीच पोचत नाही, म्हणजे इथं पाणी २८.५-२९ वर अडकणार. पावसाळ्यात हवा आणखी ओली, पण तेव्हा मुळात तापमान उतरलेलं असतं. कोकणातली खरी अडचण एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर.

क्लाउनफिश २८ अंशांना जगतो. पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला तो जास्त लागतो. त्यात लाईट गेली तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून चिलर घेतला आणि २६.५ वर लावला. तो हॉलमध्ये ठेवला तर टाकीतली उष्णता हॉलमध्ये फेकणार आणि हॉलची हवा ती पुन्हा टाकीत. त्यामुळे तो मागच्या पडवीत, पाइप भिंतीतून. पडवीतल्या खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खराब होतात. पंधरवड्याला बंद करून गोड्या पाण्यानं हळुवार धुणं हे कामांच्या यादीत आलं.

विजेचा अंदाज: पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि लाटांचे पंप मिळून ९० वॅट दिवसरात्र, दिवे १५० वॅट नऊ तास, उन्हाळ्यात चिलर ३ युनिट. दिवसाला साडेसहा युनिट, महिन्याला १९५ च्या घरात. हा आकडा मी कुणालाही काच निवडण्याआधी सांगतो. तो ऐकून काही जण गोड्या पाण्याच्या टाकीवर समाधान मानतात, आणि त्यात काही वाईट नाही.

अंधारातले तास

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जवळून वर गेलं. दोन्ही वेळा वीज कुठं काही दिवस, कुठं त्याहून जास्त गेली. वादळ नसतानाही जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी तारेवर पडते. हे धरूनच आराखडा करायचा.

१५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीतून नुकसान वजा जाता १,२०० वॅट-तास हाताशी येतात. रिटर्न पंप (पाणी वर चढवणारा) आणि लाटेचा एक पंप मिळून ६० वॅट, म्हणजे वीस तास. फक्त लाटेचा पंप आणि हवेचा पंप ठेवला, १५ वॅट, तर ऐंशी तास. म्हणून क्रम ठरवला: पहिला तासभर सगळं (चिलर सोडून), लाईट आली नाही तर रिटर्न पंप बंद. इथं टप्प्यांच्या टाकीचा आणखी एक तोटा दिसतो. रिटर्न पंप थांबला की तिन्ही टाक्या एकमेकींपासून तुटतात. खालचीत लाट असली तरी वरच्या दोघींत काहीच नाही. म्हणून हवेच्या पंपाची नळी चार ठिकाणी: तिन्ही टाक्या आणि सम्प.

वीजसुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच), आणि तेही दोन वेगळे. एकाच आरसीसीबीवर सगळं असेल तर एखाद्या दिव्यात ओल शिरून तो पडला की पंपही थांबतो, आणि घरचे लग्नाला गेलेले असतील तर दोन दिवस कुणाला कळत नाही. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर.

आत काय

मुलांची यादी मोठी होती. समुद्रघोडा, प्रवाळ, मालवणहून आणलेला दगड. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षित प्रजातींच्या अनुसूच्यांत दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, सी-फॅन, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या येतात. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा आणला तरी तो प्रवाळच. बाहेरच्या देशांतले छंदी लोक ज्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात तोही बहुधा प्रवाळाचाच अवशेष, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून इथं यादी करू नये. आम्ही भाजलेल्या सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. जांभा घालू का, असं आबांनी विचारलं. त्यात लोह असतं, शेवाळ माजतं, म्हणून नाही. किनाऱ्यावरची काळी वाळूही नाही. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड लोहयुक्त खनिजं असतात. चुंबकाच्या काच-पुसणीला त्यातले कण चिकटले की काचेवर ओरखडे पडतात. वाळू विकतची, ॲरागोनाइटची.

वरच्या टाकीत वहिनींना कांदळवन हवं होतं. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे आणि कांदळवनाला संरक्षण आहे. खाडीतून रोप उपटून आणायचं नाही. शिवाय खारफुटीची वाढ मंद, नायट्रेट उचलण्यात ती शेवाळापुढे फिकी. वरच्या टाकीत कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखं शेवाळ लावलं. त्याच्या गुंत्यात वाढणारे सूक्ष्म कवचधारी थेट ओहोळाबरोबर खाली येतात, पंपाच्या पात्यांतून न जाता. शेवाळाची टाकी सर्वांत वर ठेवण्याचं खरं कारण हेच.

मधली टाकी मला सगळ्यांत आवडते. ओहोटीला देवगडच्या कातळात जी डबकी राहतात, तशी ती केली: उथळ, दगड पाण्याच्या वर डोकावणारे, शंखातले खेकडे, गोगलगायी, दगडात बसून बघणारा एक ब्लेनी मासा. हे जीव दुकानातूनच घेतले. कातळावरचे आणले असते तर फुकट मिळाले असते, पण तिन्ही टाक्यांचं पाणी एकच आहे. मधलीत आलेला परजीवी तासाभरात खालचीत. याच कारणासाठी नवा मासा आधी पडवीतल्या वेगळ्या, पाइपानं न जोडलेल्या टाकीत चार-सहा आठवडे. औषधातलं तांबं मुख्य टाकीत गेलं तर खेकडे-गोगलगायी मरतात, तेही तिथंच वापरायचं.

खालची टाकी क्लाउनफिशच्या जोडीची, एक फायरफिश, एक गोबी, स्वच्छता करणाऱ्या दोन कोळंब्या. क्लाउनफिश प्रजनन केंद्रातलेच घ्यायचे ही माझी अट होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण उरलेलं नाही. केंद्रात वाढलेले मासे कोरडं खाणंही लगेच घेतात.

चाचणी आणि पहिला पावसाळा

मासे येण्याआधी टाक्या गोड्या पाण्यानं भरल्या आणि सगळ्या घरासमोर मेन स्विच पाडला. सम्पात पाणी कुठपर्यंत चढतं तिथं आबांनी स्वतः मार्करनं रेघ मारली. मग वरच्या ओव्हरफ्लोवर हात ठेवून तो बंद केला; पाणी काठाखाली बोटभर थांबलं आणि पंप घरघरायला लागला. त्यानंतर मीठ, दगड, आणि अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट हे चक्र बसायला साधारण सहा आठवडे. मुलांना रिकामी टाकी बघवत नव्हती, पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा नाही, यावर वहिनी ठाम राहिल्या.

पहिल्या जूनमध्ये लाईट गेली ती रात्रभर. सम्पातलं पाणी रेघेच्या किंचित वर गेलं, कारण ओव्हरफ्लोच्या दातांत शेवाळ अडकून चालू पातळी आधीच थोडी चढलेली होती. तेव्हापासून दात आठवड्याला घासतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याची भर दिवसाला दोन-तीन लिटरवर आली आणि आरओचा ड्रम उगाच भरून राहायला लागला, म्हणून तो धुऊन मिठाच्या पाण्यासाठी घेतला. तक्रार राहिली ती आवाजाची: मधल्या टाकीचा उतरता पाइप अधूनमधून घशातल्यासारखा गुरगुरतो. व्हॉल्व्ह थोडा आवळून बघितलं, फरक पडला, पूर्ण गेला नाही.

आता आबांना मधल्या टाकीत निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, हव्या आहेत. निवटीला चिखल लागतो, मचूळ पाणी लागतं आणि पाण्याबाहेर यायला जागा लागते. हजारी ३५ क्षारतेच्या, वाहत्या, चिखल नसलेल्या टाकीत तिला बसवून उपयोग नाही, आणि तिच्यासाठी चिखल घातला तर तो तिन्ही टाक्यांत फिरणार. मागच्या पडवीत, चिलरच्या पलीकडे, ६० बाय ४० ची उथळ टाकी, झाकण घट्ट, पाइप कुठलाच जोडायचा नाही, असं कागदावर मांडून दिलं आहे. झाकणाची जाळी कसली लावायची यावर आबा आणि नातू यांचं अजून एकमत झालेलं नाही.